गॅलरीतल्या कुंडीतून चहाच्या आधणात: गवती चहा, पुदिना, तुळस, कोथिंबीर आणि सोबतची मंडळी

चिपळूणच्या आमच्या घरी गवती चहा कुणी मुद्दाम लावल्याचं मला आठवत नाही. न्हाणीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू, एक केळ आणि त्यांच्या कडेला गवती चहाचं बेट, असं ते आपोआप चाललेलं असायचं. सकाळी आधण ठेवलं की आई हाक मारायची, "दोन पाती आण गं." पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्यावर हाच चहा कुंडीत लावला आणि तो टिकेना. पुदिन्याचंही तेच झालं. पाणी, खत, ऊन सगळं देऊन झालं. चूक कुठे होती ते उशिरा कळलं: काही रोपांना मी हात लावत नव्हते आणि काहींची पानं एकाच दिवशी ओरबाडत होते. चहात आणि फोडणीत जाणाऱ्या या वनस्पतींची अर्धी निगा म्हणजे त्यांना नीट आणि वेळच्या वेळी खुडणं. म्हणून या लेखात प्रत्येक रोप लावायचं कसं याइतकंच ते कापायचं कसं, हेही सांगणार आहे.

आधी ऊन बघा, मग रोपवाटिकेत जा

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता गॅलरीत डोकावा आणि ऊन कुठे पडतं ते लिहून ठेवा. गवती चहा, तुळस आणि कढीपत्ता यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पुदिना, कोथिंबीर आणि पानओवा सकाळच्या तीन-चार तासांवर समाधानी असतात. आलं आणि हळद मोठ्या झाडाच्या झिरपत्या सावलीतही वाढतात. उत्तरेकडच्या गॅलरीत गवती चहाचा हट्ट धरू नका. तो जगतो, पण पात बारीक, लुळी होते आणि वास निम्मा राहतो. तिथे पुदिना आणि पानओवा लावा.

दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरात बघा. आठवड्यातून चार वेळा लागतं तेच आधी लावा. आमच्या घरी तो गवती चहा, पुदिना आणि कढीपत्ता. तुमच्याकडे कदाचित कोथिंबीर आणि आलं असेल. एकदम दहा कुंड्या आणल्या की पहिल्याच उन्हाळ्यात त्यातल्या सहा वाळतात. तीन कुंड्यांनी सुरुवात करा.

कुंडी आणि माती

गवती चहाला किमान 12 इंची कुंडी, तुळशीला 10 इंची. पुदिन्याची मुळं वरच्या थरातच पसरतात, त्याला खोली नको, पसरटपणा हवा: 6 इंच खोल पण रुंद टब उत्तम. कोथिंबिरीला भाजीचं प्लॅस्टिकचं क्रेट आतून गोणपाट लावून चालतं. कढीपत्ता लहान कुंडीतून सुरू करून दोन-तीन वर्षांत 14 ते 16 इंची कुंडीत न्यावा लागतो. रंगाचे रिकामे डबे मात्र खायच्या रोपांसाठी वापरू नका.

बुडाला भोकं हवीतच. त्यांच्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. काळी माती शेतात कितीही चांगली असली तरी नुसती कुंडीत भरली की ओली असताना चिकट आणि सुकली की वीट होते. मी दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते. 12 इंची कुंडीला मूठभर नीमपेंड मिसळते. गच्चीवर वजनाची काळजी असेल तर मातीचं प्रमाण कमी करून खालचा तिसरा हिस्सा सुक्या पालापाचोळ्यानं आणि रसवंतीवरून आणलेल्या उसाच्या चिपाडांनी भरा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीसाठी हाच मार्ग लोकांना दाखवला. श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवार' या शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटानेही पालापाचोळ्यातून सकस माती तयार करण्यावर भर दिला. चिपाडं कुजत जातात तशी कुंडी खाली बसते, तेव्हा वरून खत-मातीची भर घालत राहायची.

पाण्याचा नियम एकच: बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर आज नाही. एप्रिल-मे मध्ये पुदिन्याला दोन वेळा पाणी लागू शकतं आणि पावसाळ्यात पंधरा दिवस एकदाही लागत नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. मुळं कुजतात, शिवाय डासांची सोय होते.

गवती चहा

बियांची वाट बघू नका, याला फुलं क्वचितच येतात. तो लावायचा ठोंबांपासून. शेजारी, नातेवाईक, गावचं घर, कुठे तरी बेट असतंच. बेटाच्या कडेचे तीन-चार फुटवे मुळांसकट उपटून घ्या, वरची पात चार-पाच बोटं ठेवून कापा आणि मुळं दोन-अडीच इंच मातीत जातील असे लावा. मृगाचा पाऊस सुरू झाला की लावणं सगळ्यात सोपं. उन्हाळ्यात लावायचं झालं तर पहिले दहा दिवस सावलीत ठेवा.

रोपवाटिकेतून घेत असाल तर एक काळजी घ्या. डास पळवणारं सिट्रोनेला दिसायला जवळजवळ असंच असतं आणि कधी कधी तेच गवती चहा म्हणून हातात पडतं. पात चुरगाळून नाकाशी न्या. गवती चहाला स्वच्छ लिंबाचा वास येतो, सिट्रोनेलाला डासांच्या मलमासारखा उग्र. याच कुळातलं तिसरं भावंड म्हणजे रोशा गवत. खानदेशात त्यापासून तेल काढायचा जुना धंदा होता. त्याला गुलाबाच्या जवळ जाणारा वास असतो, पण ते चहात घालायचं नाही.

पहिली कापणी तीन महिन्यांनी, बेट भरल्यावर. कापताना कात्री वापरा, पातीची कड बोट कापते. रोजच्या चहाला बाहेरच्या बाजूची जून पात घ्या आणि बुंध्यापासून चार बोटं सोडून कापा. अशी रोज पात घेताना मधला कोवळा कोंब तोडू नका, पुढची वाढ तिथूनच होते. पावसाळ्यात दर दोन-अडीच महिन्यांनी सगळं बेट एकदम खाली कापलं तरी चालतं, उलट नवी पात भरभर येते. न कापलेल्या बेटात आत वाळलेल्या पानांचा गुंता होतो, हवा खेळत नाही आणि नवे फुटवे बारीक येतात. माझं पहिलं बेट याच कारणानं गेलं.

गवतच असल्यानं याला खत आवडतं. दर महिन्याला ओंजळभर गांडूळखत द्या. चहाचा चोथा टाकायचा असेल तर आधी पाण्यानं धुऊन दूध-साखर काढा आणि वाळवून टाका, नाही तर मुंग्या येतात. दोन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च होते. तेव्हा जूनमध्ये बेट बाहेर काढून चार भाग करा, एक परत लावा, तीन वाटून टाका.

पुदिना

बाजारातली दहा-वीस रुपयांची जुडी पुरते. त्यातल्या जाडसर, ताठ, फूल न आलेल्या सहा-सात काड्या निवडा. जिथे पानांची जोडी निघते त्या पेराच्या जरा खाली तिरका काप द्या. खालची पानं काढून वरच्या दोन-तीन जोड्या ठेवा आणि काड्या ग्लासभर पाण्यात, उजेडात पण थेट ऊन लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. पाण्यात पान बुडलं की पाणी नासतं, म्हणून ते बघा. पाणी एक-दोन दिवसांनी बदलत राहा. सात ते दहा दिवसांत पेरातून पांढरी मुळं सुटतात. ती इंचभर झाली की तीन-तीन इंचांवर लावा.

यानंतरचा महिना महत्त्वाचा. काडी वितभर झाली की तिचा वरचा निम्मा भाग पानांच्या एका जोडीच्या अगदी वर कापा. त्या जोडीच्या बगलेतून दोन नवे फुटवे येतात. दोनाचे चार, चाराचे आठ. नुसती पानं खुडून काडी तशीच ठेवली तर ती लांबत जाते, खालून उघडी पडते आणि टोकाला चार पानं उरतात. तसं झालंच तर धीर करून सगळी कुंडी मातीच्या वर दोन बोटं ठेवून कापा, वर गांडूळखताचा पातळ थर द्या, पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत हिरवीगार होते.

पुदिना दुसऱ्या रोपासोबत एका कुंडीत लावू नका. त्याच्या धावत्या फांद्या सगळी माती व्यापतात. एप्रिल-मे मध्ये त्याला दुपारची सावली द्या, विदर्भ-मराठवाड्यात तर हिरवी जाळी बांधाच. कोकण-मुंबईच्या मुसळधार पावसात उलट, कुंडी वळचणीखाली घ्या.

तुळस आणि तिचा नातलग सब्जा

वृंदावनातली तुळस आणि चहाची तुळस वेगळ्या ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच घरांत द्वादशीला तुळस तोडत नाहीत, दिवेलागणीनंतर तिला हात लावत नाहीत. ती रीत पाळायची आणि रोज पानंही घ्यायची तर दुसरी कुंडी हवी.

बी फुकट आहे: वाळलेली तपकिरी मंजिरी तळहातावर चोळा. बारीक बी मातीवर भुरभुरवा, वर माती लोटू नका, फवाऱ्यानं पाणी द्या. उबदार दिवसांत आठवडा-दहा दिवसांत उगवतं. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडा. पुढे हिरवी मंजिरी दिसली की लगेच खुडायची. मंजिरी धरली की रोपाचा जोर बियांकडे जातो, पानं लहान आणि कमी होतात. बियांसाठी एकच फांदी सोडा. थंडीत तुळस पिवळी पडते, वाढ थांबते. तेव्हा पाणी कमी करा, खत देऊ नका, फेब्रुवारीअखेर हलकी छाटणी करा. दीड-दोन वर्षांत रोप लाकडासारखं होतं, म्हणून दर पावसाळ्यात नवी रोपं तयार ठेवायची.

फालुद्यात घालतो तो वाण्याकडचा सब्जा कुंडीत उगवतो, हे फार जणांनी करून पाहिलेलं नसतं. ज्याला आपण पिझ्झा-पास्त्यामुळे बेसिल म्हणून ओळखतो, त्याच जातीचं हे बी. इटालियन वाणाइतकी रुंद पानं येत नाहीत आणि वास थोडा बडीशेपेकडे झुकतो, पण टोमॅटोच्या सारात आणि काकडीच्या कोशिंबिरीत ती पानं फार छान लागतात. बी कोरडंच पेरा, भिजवलं की बुळबुळीत होऊन हाताला चिकटतं. खुडायची पद्धत तुळशीसारखीच.

कोथिंबीर

स्पष्ट सांगते: कोथिंबीर वडीपुरती कोथिंबीर गॅलरीत होत नाही, त्यासाठी मंडईच गाठावी लागते. पण पोह्यांवर, वरणावर, ताकात ताजी घालायला एक क्रेट पुरतं.

धणे नवीन आणि अख्खे घ्या, भाजलेले किंवा जुने उगवत नाहीत. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्यानं हलकं रगडून दोन भाग करा, चुरा होऊ देऊ नका. रात्रभर भिजवून सकाळी निथळा, अर्धा इंच खोल ओळींत पेरा, वर गोणपाट टाका. आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसले की गोणपाट काढा. पाच-सहा आठवड्यांनी कापायला येते. मुळासकट न उपटता बाहेरच्या काड्या कापल्या तर दोन-तीनदा मिळते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. दर पंधरा दिवसांनी एक नवी ओळ पेरत गेलात तर खंड पडत नाही. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर येते. तेव्हा तिच्याशी भांडू नका, फुलं येऊ द्या. हिरवे धणे चटणीत घालून बघा.

कढीपत्ता, पानओवा, आलं, हळद

कढीपत्त्याला घाई चालत नाही. मोठ्या झाडाच्या मुळांपासून फुटलेलं रोप मिळालं तर उत्तम. बी लावायचं तर पिकलेलं काळं फळ लगेच सोलून पेरा, वाळवून ठेवलेलं बी रुजत नाही. पहिलं वर्षभर फक्त शेंडा खुडा. नंतर पानंपानं न ओरबाडता पूर्ण डहाळी बुंध्याशी कापा. आंबट ताक पाण्यात पातळ करून महिन्यातून एकदा घालायची आपल्याकडे रीत आहे, मीही घालते. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर ती बहुधा फुलपाखराची अळी असते. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरं इथेही अंडी घालतात. मोठ्या झाडावर दोन-तीन अळ्या मी राहू देते. लहान रोप असेल तर एकच अळी त्याचा फडशा पाडते, तेव्हा हातानं उचलून दुसरीकडे ठेवा.

पानओवा सगळ्यात सोपा: फांदी तोडा, खोचा, लागते. मांसल पानांत पाणी असतं, त्यामुळे जास्त पाण्यानंच तो मरतो. आपण खातो तो ओवा याचं बी नव्हे. पानओवा तुळशीच्या कुळातला, ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, सारखा आहे तो फक्त वास.

आलं आणि हळद मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला लावा. डोळा असलेला दोन इंचांचा तुकडा, डोळा वर करून, दोन इंच खोल. आलं आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळली की काढायचं, पण चहापुरता तुकडा पाच-सहा महिन्यांनी कडेनं उकरून घेता येतो. हळदीचं खरं सुख पानांत आहे: नागपंचमीला, गौरी-गणपतीत पातोळ्यांसाठी पानं घरची मिळतात. गोव्यात 15 ऑगस्टला ख्रिस्ती घरांतही याच पानांत पातोळ्या उकडतात. मोदकपात्राच्या चाळणीत एक पान अंथरलं तरी उकडीला वास लागतो.

कीड आली तर

मावा आणि पांढरी माशी कोवळ्या शेंड्यांवर, पिठ्या ढेकूण तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या बेचक्यात. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, फार किडलेला शेंडा कापून फेका. तरी राहिली तर एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि चार-पाच थेंब भांड्याचा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. त्यानंतर आठवडाभर पानं घेऊ नका. जे पान चहात उकळणार त्यावर रासायनिक औषध मारायचं नाही, यात तडजोड नाही. म्हणूनच रोपवाटिकेतून आणलेलं रोप महिनाभर नुसतं वाढू द्या, आधीची पानं खुडून टाका आणि नवी फूट आली की वापरा. तिथे काय फवारलं होतं ते आपल्याला माहीत नसतं.

आता आधण ठेवा

चहात काय कधी टाकायचं हे पानाच्या जातीवर ठरतं. राठ ते आधी, कोवळं ते शेवटी. गवती चहाची पात राठ असते, तिचा वास बाहेर यायला उकळी लागते. पुदिन्याचा वास उकळीत उडून जातो आणि मागे कडवटपणा राहतो.

दोन कपांसाठी सव्वा कप पाणी घ्या. गवती चहाच्या दोन-तीन लांब पाती धुऊन हातानं पिळा, बोटभर तुकडे करून थंड पाण्यातच टाका. अर्धा इंच आलं ठेचून घाला. तीन-चार मिनिटं चांगलं उकळू द्या, मग साखर, दीड-दोन चमचे चहापूड आणि मिनिटभरानं पाऊण कप दूध. आलं दुधाआधी उकळायलाच हवं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्यानं दूध फाटतं. उकळीनं ते निकामी होतं. तुळशीची पाच-सहा पानं चहापुडीबरोबर. पुदिना घालायचाच तर गॅस बंद केल्यावर, आणि वर झाकण. दुधाच्या चहापेक्षा तो कोऱ्या चहात जास्त खुलतो. गूळ वापरत असाल तर भांडं खाली उतरवल्यावर ढवळा, उकळत्या दुधात तोही दगा देतो.

पावसाळ्यातला आमचा काढा असा: तीन कप पाण्यात मूठभर पात, इंचभर आलं, चार मिरी, सात-आठ तुळशीची पानं, आटवून दोन कप, गाळून गूळ आणि लिंबू. हा रोजच्या आवडीचा काढा आहे, औषध नाही. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर काढ्याआधी डॉक्टरांना विचारा.

स्वयंपाकात कोथिंबिरीच्या काड्या फेकू नका, वाटणाला चव काड्यांचीच. पुदिना मठ्ठ्यात घालताना मीठ-जिऱ्याबरोबर चुरडा. पानओव्याची भजी करताना डाळीच्या पिठात मीठ, तिखट, हळद आणि चमचाभर तांदळाचं पीठ पुरे. ओवा वेगळा घालायची गरज नाही, पान अख्खं बुडवून तळा.

परदेशातल्या मराठी घरांसाठी

थंड देशात गवती चहाचा ठोंब कुठून आणायचा, असं माझी भाची विचारायची. थाई किंवा व्हिएतनामी वाणसामानाच्या दुकानात लेमनग्रासच्या ताज्या कांड्या मिळतात. बुडाची चकती शाबूत असलेल्या दोन-तीन घ्या, दोन इंच पाण्यात उभ्या करा, पाणी बदलत राहा. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. उन्हाळ्यात कुंडी बाहेर, पहिल्या हिमाआधी पात कापून आत, दक्षिणेकडच्या खिडकीत, आणि वसंतापर्यंत अगदी बेताचं पाणी. पुदिना मात्र बाहेरच सुप्त होऊन वसंतात परत फुटतो.

साठवण

कोथिंबीर आणि कढीपत्ता वाळवून फारसं काही उरत नाही, ते ताजेच. पुदिना आणि तुळस सावलीत पंख्याखाली पसरल्या तर बऱ्या वाळतात. गवती चहा वाळल्यावरही चांगला टिकतो: पात धुऊन, पुसून, ओली असतानाच कात्रीनं बोटभर तुकडे करा, सुती कापडावर घरातच चार-पाच दिवस पसरा, उन्हात नको. हातात कडकड मोडायला लागली की काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर महिना लिहा. सहा-सात महिन्यांत वास उतरतो, तोवर कुंडीत नवी पात कापायला आलेली असते. उरलेली जुनी पुदिन्याच्या मातीवर आच्छादन म्हणून पसरा.